वाचून दाखवले

थोरलीला सगळे सोशिक म्हणत. बारा वर्षं म्हणत आले होते, आणि बारा वर्षं ती ते ऐकून खाली मान घालून हसत आली होती. सोशिक कसली, आतून जळून कोळसा झालेली बाई ती. पण ते कुणाला दिसत नव्हतं, आणि दिसू नये याची तिने पुरती खबरदारी घेतली होती.

ती धर्ममंडळाच्या कचेरीत कारकून होती. कचेरी म्हणजे काय, तर रंगाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिन्यात सदा टर्पेंटाइनचा वास. पुढच्या खोलीत थोरलीचं टेबल, लोखंडी कपाट आणि येणाऱ्यांसाठी एक बाकडं. मागच्या खोलीत काच घातलेलं लांब टेबल आणि त्याच्या पलीकडे पाच पंच. नवराबायकोचं पटेनासं झालं की समाजातली माणसं कोर्टाच्या पायरीआधी हा जिना चढत. सरकारने याला मुभा दिली होती, पण एका अटीवर. दोघांनीही आपखुशीने लिहून द्यायचं, की मंडळाचा निवाडा आम्हाला मान्य राहील. मग त्या निवाड्यावर कोर्टाची मोहोर उठे आणि तो कोर्टाचाच हुकूम होऊन बसे.

त्यातही बाईची सही घेण्याआधी तिला एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवायचा, असा कायदाच होता. चार ओळींचा परिच्छेद. इथे येण्याची तुमच्यावर सक्ती नाही. तुम्ही थेट कोर्टात जाऊ शकता. तिथला कायदा वेगळा आहे, तो तुमच्या बाजूचाही असू शकतो. सही केलीत की माघार नाही. हे वाचायचं काम थोरलीचं. वाचून झालं की फॉर्मवर जांभळा शिक्का मारायचा, 'वाचून दाखवले, समजले', आणि खाली स्वतःची सही ठोकायची.

आता कचेरीत काम कसं चालतं हे ज्याने चार दिवस कुठल्याही कचेरीत काढलेत त्याला मी काय सांगायचं? थोरली सोमवारी सकाळी आल्या आल्या कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा पुढे ओढायची आणि धडाधड शिक्के मारून, सह्या करून मोकळी व्हायची. आठवड्याची बेगमी. मग बाई आली की गठ्ठ्यातला वरचा फॉर्म सरकवायचा आणि बोट ठेवून दाखवायचं, इथे एक, इथे एक. येणारी बहुतेक रडत असायची, आतून पंच "चला, आटपा" म्हणत असायचे, चार ओळी ऐकायला वेळ कुणाला होता? थोरलीच्या आधीचा कारकूनही वाचत नसे. तिच्या स्वतःच्या फॉर्मवर त्यानेच शिक्का मारला होता.

हो, थोरलीनेही सही केली होती. मंडळाचा नियम सरळ होता: मूल आठ वर्षांचं झालं की बापाच्या घरी. तिचा मुलगा नेमका आठाचा झालेला. तिने त्याच्या कपड्यांच्या घड्या घातल्या, पिशवी भरली आणि लेकाला बापाच्या हवाली केलं. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मुख्य पंच भर बैठकीत म्हणाले, "बाई असावी तर अशी." दोन महिन्यांत कारकुनाची जागा रिकामी झाली, ती त्यांनी तिलाच दिली. बक्षीसच म्हणा ना. मुलगा आता वीस वर्षांचा होता. वर्षाकाठी दोनदा फोन करायचा. "बऱ्या आहात ना तुम्ही?" असं विचारायचा. सख्ख्या आईला कुणी 'तुम्ही' म्हणतं का हो? एकदा फोन ठेवता ठेवता त्याने सावत्र आईला "ए आई" म्हणून हाक मारलेली थोरलीने ऐकली, आणि त्या दिवशी तिला घास गिळवला नाही.

धाकटी म्हणजे तिची बहीण, तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. तोंडाची फटकळ, हसायला मोकळी, आणि कुणीही सहज जीव लावावा अशी. लहानपणी दोघींनी मिळून बरणी फोडली तर थोरलीला धपाटा बसायचा आणि धाकटी सगळ्यांना हसवून सुटायची. थोरलीने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण विसरलीही नाही.

धाकटीचंही लग्न मोडलं आणि तीही हाच जिना चढून त्याच बाकड्यावर येऊन बसली. तिची लेक ठमी तेव्हा सव्वासात वर्षांची होती. गुरुवार होता. धाकटीचे हुंदके थांबत नव्हते. थोरलीने शिक्का मारलेला फॉर्म पुढे केला.

"इथे एक. इथे एक."

"ताई, काही वाईट नाही ना गं होणार?"

"मंडळ आहे ना," थोरली म्हणाली.

धाकटीने दोन्हीकडे सही केली. त्या चार ओळी वाचायला अर्धं मिनिट लागलं असतं. वाचायच्या नसत्या तरी नुसतं कानात सांगितलं असतं, की बाई गं, कोर्टात जा, तर भागलं असतं. थोरली मनाला सांगायची की सवयीने राहून गेलं. खोटं. फॉर्म सरकवताना तिच्या डोक्यात लख्ख आलं होतं की हिला सांगावं. आणि मागोमाग आलं होतं की मला कुणी सांगितलं होतं?

निवाडा व्हायचा तोच झाला. ठमी आठाची झाली की बापाकडे. थोरलीने बहिणीला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "मी काढले ना दिवस? तूही काढशील." वाईट वाटत होतं तिला, नाही असं नाही. पण त्याच्या तळाशी, किती वर्षांनी, जरा हलकंही वाटत होतं. आपल्या पंगतीला कुणीतरी आलं होतं.

पण धाकटी रडून गप्प बसणाऱ्यातली असती तर ही गोष्ट कशाला सांगितली असती? दुकानात एक वकीलबाई चष्मा दुरुस्त करायला आल्या. काच बसवता बसवता धाकटीने सगळी रामकहाणी त्यांच्या कानावर घातली. वकीलबाईंनी एवढंच विचारलं, "सहीच्या आधी परिच्छेद वाचून दाखवला होता?"

"कुठला परिच्छेद?"

झालं. आठवड्याच्या आत कोर्टात अर्ज पडला. वाचून दाखवलं नाही म्हणजे संमती खरी नाही, संमती खरी नाही म्हणजे निवाडा रद्द, आणि मग ठमी कुणाकडे राहायची ते कोर्ट ठरवणार, पोरीचं हित बघून. ठमीचा बाप महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी असायचा. कोर्ट काय ठरवेल हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

त्या दिवसापासून थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. दर रविवारी धाकटी ठमीला घेऊन यायची. अंगावर तेज चढलेलं. "ताई, वकीलबाई म्हणतात, आपण जिंकणार." आपण कसलं? थोरली चहा ओतता ओतता मनात म्हणायची, जिंकणार तू. मी बारा वर्षांपूर्वी हरून बसलेय. ठमी आईच्या मांडीवर चढून बसायची. पाय चांगले लांबलचक, जमिनीला लागणारे, तरी मांडीच हवी. धाकटी "उठ गं घोडे" म्हणायची आणि आणखी घट्ट धरायची. थोरलीचा चहा बशीत सांडायचा. तिच्या लेकाचे पाय त्या वयात तिच्या मांडीवरून कुठवर पोचायचे, हे तिला आठवेनासं झालं होतं. ते आठवावं म्हणून ती ठमीच्या पायांकडे बघत राहायची, आणि बघता बघता तिला ती पोरगी डोळ्यांसमोर नकोशी व्हायची.

आणि लोक तरी कसले. ज्या बायका बारा वर्षं थोरलीला सोशिक सोशिक म्हणून ओवाळत होत्या, त्याच आता जिन्यात तिला गाठून हळूच म्हणायच्या, "तुमच्या बहिणीने हिंमत केली हो. कुणीतरी करायलाच हवी होती." थोरली हसून "हो ना" म्हणायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कुणीतरी करायला हवी होती, तर मग माझ्या वेळी ही तोंडं कुठे गेली होती? मी गप्प बसले तर टाळ्या, ही बोलली तरी टाळ्या. माझा मुलगा गेला तो कशासाठी मग? या टवळ्यांनी कौतुक करावं म्हणून?

कोर्टाचं बोलावणं आलं. वाचलं की नाही हे सांगू शकणारं माणूस एकच, ज्याची फॉर्मवर सही आहे ते. मुख्य पंचांनी थोरलीला आत बोलावून घेतलं. दमदाटी केली नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं. "तुमच्यासारख्या बायका आहेत म्हणून मंडळ उभं आहे," ते म्हणाले. "शिक्का तुमचा, सही तुमची. काय सांगायचं ते तुम्ही जाणता."

त्याच रविवारी धाकटी म्हणाली, "ताई, खरं सांगू? मला काही आठवतच नाही गं. मी नुसती रडत होते. वाचलं नाही असं मी वकीलबाईंना सांगून बसले, पण तू वाचलंही असशील आणि माझ्या कानात शिरलं नसेल. वाचलं होतंस का?"

"कोर्टात विचारतील तेव्हा सांगेन. आधी बोलणं बरं दिसत नाही."

"बरं. तू खरं असेल तेच सांग. तुझ्यावर माझा भरवसा आहे." आणि खुशाल बिस्कीट चहात बुडवून खायला लागली. एवढा भरवसा कुणी कुणावर ठेवू नये. थोरलीला वाटलं, हिला कधी कुणी फसवलंच नाही, म्हणून हिला हे परवडतं.

तरी साक्षीच्या दिवशी घरातून निघताना थोरली खरं बोलायचं ठरवूनच निघाली होती. हे मी तिची बाजू घेऊन सांगत नाही, होतं ते सांगतो. नोकरी जाईल, जाऊ दे. सोमवारच्या शिक्क्यांचं सगळं सांगून टाकू, इथपर्यंत तिचं ठरलं होतं. कोर्टाच्या बोळकांडीत ती पोचली तर समोर धाकटी उकिडवी बसून ठमीच्या बुटाची नाडी बांधत होती. न्यायाधीशांना मुलीशी दोन शब्द बोलायचे होते म्हणून तिला आणलं होतं. ठमीने तोल सांभाळायला आईच्या डोक्यावर हात ठेवला होता. नुसता ठेवला होता, भिंतीवर ठेवावा तसा, बघतही नव्हती तिच्याकडे, आपल्याच तंद्रीत कुठलं तरी गाणं गुणगुणत होती. आई कायमची तिथे असणारच, अशा थाटात.

एवढंच. त्यात काय होतं? पण थोरलीच्या मनात आलं, आपल्या डोक्यावर असा हात पुन्हा कधी कुणी ठेवणार नाही, आणि ही पोरगी पुढची दहा वर्षं ठेवत राहणार, आणि रविवारी रविवारी आपण ते बघत राहायचं.

"फॉर्मवरची सही तुमची?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो."

"परिच्छेद वाचून दाखवला होतात?"

"हो," थोरली म्हणाली. "सबंध."

वकीलबाई उठल्या. "अर्जदार त्या वेळी रडत होत्या ना?"

"होत्या. म्हणून मी थांबले. पाणी दिलं. रडं थांबल्यावर वाचलं. शेवटची ओळ दोनदा वाचली." कुणी विचारलेलं नसताना हे दोनदाचं तिने स्वतःच्या पदरचं घातलं. खोटं इतकं सुरळीत येतं हे तिलाही ठाऊक नव्हतं. मंडळाचे वकील न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "सख्खी बहीण आहे. बहिणीविरुद्ध खोटं बोलून तिला काय मिळणार?" न्यायाधीशांनाही ते पटलं. आणि कुणाला पटलं नसतं?

अर्ज फेटाळला. अपिलाला तीस दिवस. पण वकीलबाई म्हणाल्या की सख्ख्या बहिणीची साक्ष अशी असताना अपिलात उभं राहायला आधारच नाही. अकरा दिवसांनी ठमी आठ वर्षांची झाली आणि तिचा बाप येऊन तिला घेऊन गेला.

थोरलीला वाटलं होतं, आता थंड वाटेल. वाटलंही, खोटं कशाला बोलू? ते अकरा दिवस तिला भूक चांगली लागली. कचेरीत मुख्य पंचांनी तिच्यासाठी नवी खुर्ची मागवली. जिन्यातल्या बायका पुन्हा तिच्याकडे बघून कौतुकाने माना डोलवायला लागल्या. धाकटी त्या रविवारी आली नाही, तेव्हा थोरलीने एकटीने चहा घेतला आणि बशीत एक थेंब सांडला नाही.

ठमी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मंडळाला सुट्टी होती. दुपारी चारच्या सुमाराला धाकटी थोरलीच्या घरी आली. दुकानातून तशीच आली होती, बोटांना काच घासायची पांढरी भुकटी लागलेली. थोरली दार उघडून उभीच राहिली. आता ही बोलणार, शिव्या देणार. त्याची तिने तयारी केली होती. उत्तरं पाठ होती.

धाकटी आत येऊन भिंतीला टेकून खाली बसली.

"ताई, तू पहिला दिवस कसा काढलास गं?"



"दुसरं कुणाला विचारू? तुलाच माहीत आहे. सकाळी मी डबे दोन भरले. मग एक रिकामा केला. आता दुकानातून सुटले आणि पाय शाळेकडे वळले. तू काय करायचीस? सांग ना. तू सांगशील तसं करते."

"होईल हळूहळू," थोरली म्हणाली. आवाज कुठून तरी दुसरीकडून आल्यासारखा आला.

"चूक माझीच आहे." धाकटी रडत नव्हती, सरळ बोलत होती. "तू थांबलीस, पाणी दिलंस, दोनदा वाचलंस, आणि माझं लक्षच नव्हतं. ते एक अर्धं मिनिट कान उघडे ठेवले असते तर पोरगी घरी असती. कुणाला दोष देऊ? मी स्वतःच्या हाताने घालवली तिला. ती मोठी होऊन विचारेल तेव्हा मी हेच सांगणार आहे, की मी ऐकलं नाही."

तिने रागावायला हवं होतं. ती रागावली असती तर थोरली निभावून गेली असती, दोन उत्तरं जास्त दिली असती. पण ही बया सगळं स्वतःच्या माथ्यावर घेऊन बसली होती, आणि आता ते जन्मभर वागवणार होती. आपल्या पंगतीला हिला आणायचं होतं ना? आली होती. शेजारी बसून विचारत होती, की इथे जगायचं कसं. आणि थोरलीला बारा वर्षांनंतरही त्याचं उत्तर ठाऊक नव्हतं.

"वाचलं नव्हतं," थोरली म्हणाली.

"काय?"

"मी वाचलं नव्हतं. एक ओळसुद्धा नाही. शिक्का सोमवारीच मारून ठेवलेला होता. पाणीही दिलं नव्हतं."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली.  खालच्या गल्लीत कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती काही चालू होत नव्हती.

"मग कोर्टात तसं का सांगितलंस? मंडळाला घाबरलीस?"

घाबरले म्हणाली असती तर खपून गेलं असतं. धाकटीने लगेच माफही केलं असतं. ती वाट उघडी होती आणि थोरलीला ती दिसतही होती.

"नाही," ती म्हणाली. "मला बघवलं नाही. माझा गेला आणि तुझी राहणार, हे मला बघवलं नाही. तू तिच्या बुटाची नाडी बांधत होतीस तेही बघवलं नाही."

धाकटीने हात उगारला नाही. ओरडली नाही. तिने बोटांची पांढरी भुकटी गुडघ्यावर पुसली आणि भिंतीचा आधार घेत उभी राहिली.

"अपिलाला किती दिवस उरले?"

"अठरा." कारकून होती ती, तिला ते पाठच होतं.

"वकीलबाई सहापर्यंत बसतात. चपला घाल."

"खोट्या साक्षीला शिक्षा आहे," थोरली म्हणाली. "मला आत टाकतील."

"टाकू देत," धाकटी म्हणाली. "चपला घाल."

वाटेत धाकटी दहा पावलं पुढे. एरवी रस्ता ओलांडताना ती थोरलीचं मनगट धरायची, धाकटी असून, कारण थोरली वाहनांना बिचकायची. आज ती ओलांडून गेली आणि पलीकडे पाठ करून उभी राहिली. थोरलीने दोन गाड्या जाऊ दिल्या, मग तिसरीही जाऊ दिली, आणि अखेर एकटीने पलीकडे गेली.

वकीलबाईंच्या ऑफिसात दाराशीच त्यांची सेक्रेटरी बसली होती. तिने धाकटीला ओळखलं, कशी आहेस वगैरे विचारलं, आणि भेटीची वही पुढे ओढली.

"बरोबर कोण आहे?"

थोरलीने तोंड उघडलं. जन्मभर हा प्रश्न कुणीही विचारला की धाकटीच आधी सांगायची, माझी ताई, आणि सांगताना तिचा हात थोरलीच्या खांद्यावर असायचा.

"साक्षीदार आहे," धाकटी म्हणाली.

सेक्रेटरीने तसंच लिहून घेतलं.